कराटेच्या पोरांना नम्रता शिकवताना या चुका टाळा

२६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर माझ्या क्लासमधल्या बारा वर्षांच्या एका मुलानं चार कवेलू (कौलं) एका ठोक्यात फोडले. झेंडावंदनाला आलेलं अख्खं गाव बघत होतं. टाळ्या थांबेनात, तेव्हा माईक त्याच्या हातात मीच दिला. तो म्हणाला, "अजून आना, तेबी फोडतो." शिट्ट्या पडल्या, मीही हसलो. चौथ्या दिवशी शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी त्यानं पाचवीतल्या एका पोराच्या पोटात समोरून किक घातली. भांडण वगैरे काही झालेलं नव्हतं. "दाखवत होतो," एवढंच त्याचं म्हणणं. संध्याकाळी त्या लहान मुलाचे वडील वावरातून थेट माझ्याकडे आले. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, "सर, तुमी शिकवलं तेच केलं ना त्यानं?"

मला उत्तर देता आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कापसाच्या गावात मी अकरा वर्षांपासून क्लास घेतो. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानात, पावसाळ्यात समाजमंदिराच्या फरशीवर. त्या प्रश्नानंतर मी माझंच शिकवणं उलटंपालटं करून पाहिलं. क्लासमधल्या उद्धट म्हणवल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पोरामागे कुणा ना कुणा मोठ्या माणसाची चूक निघाली, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या होत्या. गावोगाव क्लास घेणाऱ्या मित्रांसाठी आणि आईवडिलांसाठी त्या इथे मांडतो.

क्लास संपताना भाषण देणं

पोरं घामानं भिजलेली, डास चावतायत, घरी भाकर वाट बघतेय, आणि आपण "नम्रता हाच खरा दागिना" सुरू करतो. एक शब्द आत जात नाही. जे सांगायचं ते आपल्या कातामध्येच, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमातच आहे, तिथेच बोट ठेवा. शोतोकान या कराटेच्या शैलीतला पहिला काता हेइयान शोदान घ्या. पहिली हालचाल कोणती? डावीकडे वळून गेदान बाराई, म्हणजे खालच्या बाजूला आलेला वार अडवणं. पाचही हेइयान काता अडवण्यापासूनच सुरू होतात. पोरांना काता झोपेतही पाठ असतो, पण ही गोष्ट त्यांना कुणी दाखवलेली नसते. माझ्याकडे आता काता सुरू करण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, "पहिला हात कोणाचा?" पोरं ओरडतात, "समोरच्याचा!" १८६८ मध्ये ओकिनावात जन्मलेले आणि जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवणारे गिचिन फुनाकोशी हेच सांगत: कराटेत पहिला वार नसतो. जपानमधल्या कामाकुरा इथल्या एंगाकुजी मंदिरात त्यांचं स्मारक आहे, त्यावर हेच वाक्य कोरलेलं आहे. हे पोरांना एकदा सांगा, दहादा नको.

"मस्ती जिरवणं"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्याकडे तिला उपाय समजतात. एखादं पोट्टं फार उड्या मारायला लागलं की आपण त्याला सीनियर मुलासमोर उभं करतो आणि डोळ्यांनीच खुणावतो. दोन-चार सणसणीत बसतात, पोट्टं गप्प होतं, आपल्याला वाटतं काम झालं. वडीलही येऊन सांगतात, "सर, जिरवा याची जरा." टाकीवरच्या प्रकारानंतर मीही तेच केलं होतं. त्या मुलाला सतरा वर्षांच्या ब्राऊन बेल्टसमोर उभं केलं. तो तीन मिनिटं मार खात राहिला, रडला नाही. दुसऱ्या आठवड्यात मला कळलं की घरी तो धाकट्या भावाला बदडू लागला आहे.

त्यात नवल काहीच नव्हतं. त्याला मी शिकवलं होतं की ज्याच्या अंगात जास्त जोर, त्याच्यापुढे गप्प बसायचं. मग ज्याच्या अंगात कमी जोर, त्यानं आपल्यापुढे गप्प बसलं पाहिजे, हे त्यानं स्वतःच जोडून घेतलं. अपमानातून आलेली शांतता म्हणजे भीती. भीती खालच्या पायरीवर उतरत जाते आणि शेवटी सगळ्यात लहान लेकराच्या पाठीवर पडते. चारचौघांत "तुझी औकात काय" म्हणणं हाही जिरवण्याचाच प्रकार आहे, फक्त त्यात हात वापरलेला नसतो.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात तीन गोष्टी कामी आल्या. पहिली, त्या मुलाला पंच मारायला न देता महिनाभर पॅड धरायला लावा. पॅड नीट धरणं अवघड असतं. समोरच्याची उंची बघावी लागते, त्याचा ठोका कुठे येतोय ते ओळखावं लागतं, हात सैल सोडला तर त्याचं मनगट दुखावतं. दुसऱ्याच्या अंगाची काळजी करायची ही सवय बोलून लागत नाही, पॅड धरून लागते. दुसरी, त्याला नव्या तीन लेकरांना एकच गोष्ट शिकवायला द्या, पट्टा बांधायला. चौथीतलं पोरगं दहाव्यांदा गाठ चुकवतं, तेव्हा त्याचा संयम किती आहे हे त्यालाच कळतं. तिसरी, त्याला जे जमत नाही ते काम मुद्दाम समोर ठेवा. माझा तो मुलगा उजव्या पायानं आभाळाला किक मारायचा, पण डाव्या पायावर दहा आकडे तोल सांभाळता येत नव्हता. मी त्याला तेवढंच दिलं, रोज, कोपऱ्यात, एकट्याला. कुणी हसायचं नाही हा नियम. दीड महिना लागला. या काळात मी त्याला एकदाही ओरडलो नाही, आणि त्याचा आवाज मात्र आपोआप खाली आला.

एकाच बाजूनं वाकणं

कराटेत सराव 'रे'नं सुरू होतो आणि 'रे'नं संपतो. समोरच्याला वाकून केलेला हा नमस्कार बहुतेक क्लासमध्ये नुसती कवायत होतो. शिकवणाऱ्यानं ओरडायचं, पोरांनी वाकायचं, आणि शिकवणाऱ्यानं हात मागे बांधून उभं राहायचं. असं बरीच वर्षं माझ्याकडेही चाललं.

मग एका दिवशी जोड्या लावताना नववीतला एक मुलगा अडून बसला. त्याच्या घरी वीस एकर वावर. समोर जो उभा होता त्याची आई त्याच वावरात कापूस वेचायला जायची. तो मला हळूच म्हणाला, "सर, मी काहून वाकू त्याले? त्याची माय त आमच्या वावरात येते कामाले." मला राग आला होता, पण मी बोललो नाही. मी त्याच्या जागी उभा राहिलो, समोरच्या मुलाला पूर्ण वाकून रे केला. त्यानंही केला. मग मी बाजूला झालो. नववीतला मुलगा थोडा वेळ थांबला आणि वाकला.

आपल्या गावांत वाकणं ही गोष्ट निरागस नाही, हे आपण विसरतो. कोण कुणासमोर उभं राहतं, कोण ओट्याच्या खाली बसतं, हे लेकरू शाळेत जायच्या आधी शिकतं. अशा ठिकाणी "नम्र राहा" हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ज्याला घरीदारी वाकायचीच सवय लावली आहे, त्याला आणखी वाकायला शिकवलं तर त्याच्या पाठीवर आपण ओझंच ठेवतो. म्हणून माझ्याकडे नियम असा: रे दोन्ही बाजूंनी, सारखाच खाली, नजर सरळ ठेवून, आणि शिकवणाराही प्रत्येकाला करतो. जोड्या रोज बदलतात. झाडू मारायची पाळी हजेरीच्या क्रमानं येते, सरपंचाच्या घरचं पोर असो की सालगड्याच्या, आणि महिन्यातून एकदा माझीही येते.

मुलींच्या बाबतीत तर ही चूक आणखी खोल जाते. शाळांमधून मुलींना स्वसंरक्षण शिकवलं जातं, त्यामुळे आता गावातल्या मुलीही क्लासला येतात. पहिल्या दिवशी बहुतेकींच्या तोंडून किआई निघत नाही. पंच मारताना ओरडायचं असतं, पण घरी जन्मापासून "हळू बोल" ऐकलेलं असतं. अशा मुलीला नम्रतेचे धडे देणं म्हणजे तिच्या गळ्यावर दुसरा हात ठेवणं आहे. तिला आधी मोठ्यानं ओरडू द्या, चुकीचा ठोका आला तर "सर, हे मला लागलं" असं म्हणू द्या. एका आईनं मला सांगितलं, "सर, पोरगी आता उलटून बोलते." मी विचारलं, शिव्या देते का? नाही. मोठ्यांचा अपमान करते का? नाही. मग काय बोलते? तर "मलाबी शिकाचं हाये" म्हणते. मी त्या माउलीला म्हटलं, हे उलटून बोलणं नाही, हे सरळ बोलणं आहे.

पट्ट्याचा सोहळा

येलो बेल्ट मिळाला की बसस्टॉपवर फ्लेक्स लागतो, हार येतो, डीजे येतो. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असतं आणि ते स्वतःला पहेलवान समजायला लागतं. त्याला सांगा की पट्टा ही कराटेची मूळची चीज नाही. ही पद्धत ज्यूदोकडून आली, आणि फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे १९२४ मध्ये दिले. त्याआधी ओकिनावात पिढ्यान्पिढ्या लोक पट्ट्याशिवायच शिकत होते. मी आता पट्टा देताना फोटो सगळ्यांचा मिळून काढतो, आणि नवा पट्टा मुलाला त्याच्या सरावाचा जोडीदार बांधतो. कवेलू फोडणं तर मी बंदच केलं. वाढत्या वयातली हाताची हाडं कोवळी असतात, ते कारण एकटंही पुरेसं आहे.

यात आपल्याच मातीतलं एक घ्या. विदर्भातल्या आखाड्यांत नव्या पोराच्या हातात आधी फावडं येतं. माती खोदायची, खडे वेचायचे, मग अंगाला लावायची. कुस्ती धरण्याआधी तीच माती कपाळाला. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मुलं आपले देशी खेळ दाखवून आली.  माझ्याकडे लाल माती नाही, म्हणून मी चटया अंथरणं हेच पहिलं शिक्षण ठरवलं आहे.

मोठ्यांचं तोंड

जिल्हा स्पर्धेत बाहेरून "मार त्याले, फोड!" असं ओरडणारा बाप आणि "त्यांचे पट्टे दुकानातले आहेत" म्हणणारा सर, या दोघांपुढे नम्रतेचे सगळे प्रयत्न वाया जातात. स्पर्धेत अशिष्ट वागणाऱ्या खेळाडूला शिक्काकु, म्हणजे थेट बाद, करता येतं. हे आईवडिलांना निघतानाच सांगून ठेवा. आणि आपण चुकलो तर पोरांसमोर चूक कबूल करा. ब्राऊन बेल्टसमोर उभं केलेल्या त्या मुलाची मी सगळ्या क्लाससमोर माफी मागितली. ते सोपं गेलं नाही.

काही नेहमीच्या अडचणी

हरल्यावर हात मिळवत नाही: जबरदस्तीनं हात पुढे ओढू नका. पाणी प्यायला द्या, पाच मिनिटं बसू द्या, मग तुम्ही सोबत चालत समोरच्याकडे जा. दोन-तीन स्पर्धांनंतर तो एकटा जातो.

कौतुक केलं की "मला काहीच येत नाही" म्हणतो: ही नम्रता नाही, त्याला नजर चुकवायची असते. फक्त "धन्यवाद, काका" म्हणायला शिकवा, पुढे काही जोडायचं नाही.

जोडीदार गरीब घरचा म्हणून त्याला मुद्दाम जिंकू देतो: दयाळू मुलं असं करतात. त्याला समजवा की समोरच्याला ते कळतं, आणि ते त्याला लागतं.

शाळेत कुणाला मारलं: क्लासमधून काढू नका. एक महिना कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, बंद; बाकी सगळा सराव चालू. ज्याला मारलं त्याच्या घरी मुलासोबत तुम्ही स्वतः जा. टाकीवरच्या प्रकारानंतर मी जायला तीन आठवडे लावले. तोवर त्या लहान मुलानं शाळेत त्या टाकीवर पाणी प्यायला जाणं सोडलं होतं आणि तो घरून बाटली भरून आणत होता. तुम्ही त्याच संध्याकाळी जा.