बागायतीत बिबट्याची पिल्लं सापडली? या चुका टाळा

काजूच्या हंगामाआधी गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणात बागायतींची बेणणी (झाडोरा साफ करणं) सुरू होते. कोयत्याने झुडूप आडवं केलं की कधीकधी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला दोन-तीन करडी पिल्लं वळवळताना दिसतात. पहिली चूक तिथेच होते. 'आई टाकून गेली' असं कुणीतरी म्हणतं आणि पिल्लं टोपलीत जातात.

टाकून गेलेली नसते. मादी शिकारीला जाते आणि दिवस-दिवस परतत नाही. जागा धोक्याची वाटली तर पिल्लांना मानेला धरून एकेक करत हलवते. तेव्हा एकटंच पिल्लू दिसलं तरी बाकीची तिने आधीच नेलेली असू शकतात. काम थांबवा, कुत्री बांधा, वनखात्याला कळवा आणि निघा. मोबाइल घेऊन घोळका उभा राहिला तर मादी जवळ असूनही पुढे येत नाही.

'हात लागला, आता आई घेत नाही' हे तर साफ खोटं. जुन्नरच्या उसात सापडलेली कितीतरी पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवली आणि रात्री माद्यांनी येऊन नेली. मात्र जागा तीच हवी. म्हणूनच पिल्लू घरी आणून मग फोन करू नये.

दूध पाजायचा मोह सगळ्यात वाईट. जन्मताना पिल्लू जेमतेम अर्धा किलोचं, डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस. बिबट्याच्या दुधात प्रथिनं आणि चरबी जास्त; गाईच्या दुधाने जुलाब लागतात. उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. एवढ्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार? शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणं गुन्हा आहे.

ठिपके दिसले म्हणजे बिबट्याच असंही नाही. वाघाटी या छोट्या रानमांजराची पिल्लंही ठिपकेदार असतात. आणि एखादं काळं निघालं तर ते वेगळ्या जातीचं नव्हे, त्याच वेतातलं.

मोठ्या पिल्लांबाबतची चूक वेगळी. तिसऱ्या महिन्याच्या आसपास दूध सुटतं, पण पिल्लं दीड-दोन वर्षं आईसोबत राहून शिकार शिकतात. वर्षाचा नर जवळजवळ आईएवढा दिसतो. मग गावात बोभाटा होतो, 'तीन-तीन वाघ आलेत, पिंजरा लावा!' पिंजऱ्यात आई अडकली की मागे उरतात अर्धवट शिकलेली पोरं, आणि त्यांना कोंबडी-कुत्र्यांशिवाय दुसरं जमत नाही. पिंजऱ्याने त्रास वाढतो तो असा.

बिबट्याने जनावर मारलं तर मढ्याला हात न लावता पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. भरपाईला वेळ लागतो, राग येतो, हे खरंच. पण रागाने मढ्यावर विष टाकू नका; जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे मेले, ते विषानेच.