अंगावरचा औषधपंप बनवताना या चुका टाळा

मोटर फिरली म्हणजे औषध त्वचेखाली गेलं, हा समज आधी डोक्यातून काढा. मोटरच्या पावलांचा हिशोब फर्मवेअर, म्हणजे पंपातला प्रोग्रॅम, चोख ठेवतं. कॅन्युलाच्या, म्हणजे त्वचेखाली जाणाऱ्या बारीक नळीच्या, टोकातून काय बाहेर पडलं, याची त्याला खबरही नसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अडथळ्याच्या चाचणीतली, म्हणजे वाट तुंबली तर पंप ओळखतो का हे पाहण्यातली. इन्सुलिनचा पंप घ्या. प्रोटोटाइपची कॅन्युला बंद करायची, बोलस (एकदम दिलेला मोठा डोस) सोडायचा, दोन मिनिटांत अलार्म वाजला की काम फत्ते! पण तो बोलस मिनिटाला 1 युनिटने चाललेला असतो आणि बेसल (दिवसभर संथ चालणारा डोस) ताशी 0.5 युनिटने. यू-100 इन्सुलिनचं 1 युनिट म्हणजे 10 मायक्रोलिटर. बेसलवर ताशी जेमतेम 5. समजा, अलार्म 100 किलोपास्कलला लावलाय आणि तेवढ्या दाबाला औषध ढकलणारा रबरी दट्ट्या (प्लंजर) दबून, नळी फुगून आत 20 मायक्रोलिटर मुरतात. बोलसवर 2 मिनिटांत वाजलेला अलार्म बेसलवर 4 तासांनी वाजेल. तोवर टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णाला थेंबभर इन्सुलिन मिळत नाही आणि रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी तयार होणारी घातक आम्लं) चढायला लागतात. मध्येच अडथळा सुटला, तर साठलेलं सगळं एका दमात आत. लहान मुलाला 2 युनिटं म्हणजे चेष्टा नव्हे.

‘दाबाच्या सेन्सरची मर्यादा खाली आणू’ हे घाईचं उत्तर. खोट्या अलार्मांना वैतागलेला माणूस पंपच काढून ठेवतो. आधी मऊ भाग शोधा: नळी आखूड करा, तिची भिंत जाड घ्या, प्लंजरचं रबर कडक निवडा. चाचणी सर्वांत कमी बेसलवरच, रात्रभर चालली तरी चालू द्या. अलार्मनंतर मोटर उलटी फिरवून दाब उतरवत असाल तर प्लंजर ढकलणाऱ्या स्क्रूची ढिलाई मोजून ठेवा. नाहीतर पुढचे डोस ती भरून काढण्यातच जातात.

दुसरी खोड म्हणजे फ्रिजमधलं औषध थंडच भरणं. अंगावर ते कोमट होतं आणि विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते. 10 मायक्रोलिटरचा बुडबुडा टोकातून गेला की 1 युनिट बुडालं. आत अडकला तर स्प्रिंगसारखा दबतो आणि वरच्या हिशोबात अलार्म आणखी तासभर लांबतो. ‘बुडबुडा वरच राहील’ म्हणणाऱ्यांनी एवढं आठवावं, की माणूस झोपेत कूस बदलतो. औषध खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच भरा.

अचूकता उघड्या भांड्यात मोजू नका. ताशी 5 मिलिग्रॅम तोलताना बाष्पीभवनच निकाल बिघडवतं. पाण्यावर तेलाचा थर द्या आणि टोक त्याखाली बुडवा.

दाट औषधाला 27 ऐवजी 29 गेजची (आकडा मोठा, सुई बारीक) सुई लावून ‘टोचणं कमी झालं’ म्हणताना आतला व्यास 0.21 वरून 0.18 मिलिमीटरच्या आसपास येतो. व्यास घटला की दाब त्याच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे तेवढ्याच वेगाला पावणेदोन पट जोर.

चिकटपट्टी घाम येणाऱ्या त्वचेवर पूर्ण मुदतभर लावून पाहा. त्यात आणि पेटीच्या गोंदात आयसोबोर्निल अ‍ॅक्रिलेट नाही ना, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. त्याची अ‍ॅलर्जी चांगलीच माहीत आहे.

वॉटरप्रूफच्या नादात पेटीचं हवेचं छिद्र बुजवू नका. विमानात पेटीबाहेरचा दाब 75 किलोपास्कलच्या आसपास उतरतो, पेटीत जमिनीवरचाच राहतो आणि तो प्लंजर पुढे रेटतो. छिद्रावर पाणी अडवणारा, हवा सोडणारा पडदा बसवा, आणि प्लंजर स्क्रूला नुसता टेकवू नका, अडकवा.