मुलीचं नाव गोदावरी ठेवायचंय?

नाव जुनं असलं तरी जड नाही. चारच अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. बारशाआधी दोन-तीन दिवस घरात मोठ्याने हाक मारून बघा: "गोदावरी, जेवायला चल!" पूर्ण नाव रोज कुणीच घेत नाही, त्याचं गोदा किंवा गोदू होणारच. त्यातलं आवडतं रूप तुम्हीच पहिल्या दिवसापासून वापरा, नाहीतर शेजारपाजारचे ठरवतील. आम्हाला 'गोदा' जास्त गोड वाटतं.

नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर, पाळत असाल तर 'गो' शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं.

घोळ होतो तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये. 'व'साठी व्ही की डब्ल्यू, हे जन्मनोंदीआधीच पक्कं करा. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं आलं की पासपोर्टच्या वेळी धावपळ ठरलेली. नोंद 21 दिवसांत करावी. नाव ठरलं नसेल तर ते 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. मराठीत 'री' दीर्घच, दाखला हातात पडताच तपासा.

"आजीबाईंचं नाव" म्हणून कुणी नाक मुरडलं, तर वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांबद्दल सांगा. आणि मुलगी कळती झाली की तिला त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर न्या, नदीचा उगम दाखवायला.