कविता कानाने कशी वाचावी: वृत्त, नाद आणि अलंकार ओळखण्याची रीत

कविता हाती आली की आपण लगेच तिचा अर्थ शोधू लागतो आणि अलंकार-वृत्तांची नावे शेवटी परीक्षेपुरती पाठ करतो. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. आधी ओळ ऐकावी, मग मोजावी आणि त्यानंतर अर्थाकडे वळावे.

सुरुवातीला कविता मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारावे. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो, त्यामुळे ‘भाकर’ हा शब्द तोंडी ‘भाकर्’ असा होतो. पद्यात मात्र भा-क-र अशी तीन अक्षरे धरावी लागतात. बहिणाबाई चौधरींच्या ओळी घ्या:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर

प्रत्येक तुकड्यात बरोबर आठ अक्षरे आहेत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी हे माप कुठेही चुकत नाही, कारण ओवीची लय त्यांच्या कानात होती. अक्षरसंख्येवर चालणाऱ्या रचनेला छंद म्हणतात. मोठ्या अभंगातही अशीच मोजणी असते: ‘सुंदर तें ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां’ या तुकोबांच्या चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे आहेत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते.

अक्षरगणवृत्तात नुसती संख्या पुरत नाही; तिथे लघु-गुरूंचा क्रमही ठरलेला असतो. ऱ्हस्व अक्षर लघु आणि दीर्घ अक्षर गुरू. ऱ्हस्व अक्षरावर स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार असेल, किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यावर येत असेल, तर तेही गुरू होते. इथे नवशिक्याची हमखास चूक होते. ‘सज्जन’मधल्या ‘स’वर आघात येतो, म्हणून तो गुरू, ‘तुझ्या’ किंवा ‘तुम्ही’ यांतल्या ‘तु’वर तो येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. शंका आली की शब्द दोनदा उच्चारून पाहावा.

आता वही घेऊन समर्थांच्या मनाच्या श्लोकांतला ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें’ हा चरण लिहावा आणि लघूवर अर्धचंद्र, गुरूवर आडवी रेघ काढावी. तीन-तीन अक्षरांचे गट, म्हणजे गण, पाडले की ‘मनास’, ‘ज्जनाभ’, ‘क्तिपंथे’, ‘चिजावें’ असे चार तुकडे मिळतात आणि प्रत्येकाचा क्रम लघु-गुरू-गुरू असा येतो. हा य गण होय. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र लक्षात ठेवले की आठही गण त्यात सापडतात: हव्या त्या गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरे मोजावीत. चार य गणांचे, बारा अक्षरांचे हे वृत्त म्हणजे भुजंगप्रयात. गट पाडताना शब्द मध्येच तुटतात याने गोंधळून जाऊ नये. लय शब्दांच्या सीमा ओलांडूनच चालते.

नाद ऐकण्यासाठी मोरोपंतांच्या केकावलीतले हे दोन चरण मला फार उपयोगी वाटतात: ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो, कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’. आरंभी ‘स’ची पुनरावृत्ती आहे, तो अनुप्रास. पृथ्वी वृत्ताच्या प्रत्येक चरणातल्या सतरा अक्षरांत आठव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम असतो, आणि कवीने नेमके तिथेही यमक ठेवले आहे. त्यामुळे ‘घडो, पडो, झडो, नावडो’ ही मागणी घंटेच्या ठोक्यांसारखी चार वेळा वाजते. आजच्या नियमांप्रमाणे ‘मतीचा’ असे लिहावे लागेल, पण चरणातले पाचवे अक्षर लघूच हवे, म्हणून तिथे ‘मतिचा’ आहे. जुन्या कवितेतले असे ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारायला’ जाऊ नये, लय मोडते.

अलंकाराकडे येताना चार गोष्टी शोधाव्यात: कशाची तुलना आहे ते उपमेय, कशाशी आहे ते उपमान, दोघांतला समान गुण आणि साम्य दाखवणारा शब्द. ‘बांध लोण्यासारखा मऊ झाला’ ही उपमा. ‘बांध जणू लोणीच’ ही उत्प्रेक्षा. ‘बांधाचे लोणी पायाखाली विरघळले’ यात दोन्ही एकच मानले, म्हणून रूपक.

नाव सांगून थांबू नये. हेच उपमान का, हे विचारावे. बहिणाबाईंच्या ओळीत उपमेय संसार, उपमान तवा, साम्यवाचक शब्द ‘जसा’, आणि समान गुण पुढच्या ओळीत उलगडतो. संतकवितेत संसाराला भवसागर म्हणण्याची जुनी रीत आहे. सागर तरून पलीकडे जायचे असते. तव्याजवळ मात्र रोज बसावे लागते, हात भाजतो आणि पोटही त्याच तव्यावर भरते. ‘आधी’ आणि ‘तव्हा’ या दोन शब्दांनी चटके आणि भाकर यांचा क्रमही पक्का केला आहे.

मुक्तछंदात गण सापडणार नाहीत. तिथे ओळ कुठे तोडली आहे ते पाहावे. दोन ओळी जोडून गद्यासारख्या वाचाव्यात आणि मग पुन्हा तोडून वाचाव्यात. या दोन वाचनांत कानाला जो फरक जाणवेल, तो समासात लिहून ठेवावा.