स्वस्तातली बोल्ट-ॲक्शन रायफल घेताय? या चुका टाळा

लायसन हातात पडलं की लोकांना दम निघत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कळवण, कुठूनही फोन येतो आणि प्रश्न एकच असतो, दादा कमी पैशात चांगली बोल्ट-ॲक्शन रायफल कुठली? (बोल्ट-ॲक्शन म्हणजे जिचा बोल्ट, मागचा सरकता दांडा, प्रत्येक गोळीला हाताने मागे-पुढे करावा लागतो ती.) मी विचारतो, लायसनवर काय लिहिलंय, काडतुसं कुठून घेणार, नेम कुठे लावणार, तर म्हणतात ते नंतर बघू, आधी रायफल सांगा. इथूनच सगळा घोळ सुरू होतो आणि मग सहा महिन्यांनी तोच माणूस परत फोन करतो की रायफल पडून आहे, काय करू.

आधी शिकारीचं बोलून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे, विषय संपला. रानडुकरं मका-भुईमूग उधळतात हे खरंय, पण त्यासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसतं रायफलीचं लायसन असून भागत नाही. आणि बिबट्यासाठी रायफल घेतोय असं कुणी सांगितलं तर मी तिथेच थांबवतो. ऊसात बिबट्या दिसला की लहान मुलं असलेल्या घराची झोप उडते हे मला कळतं, मी याच भागात राहतो, पण तो त्याच कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे, वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ या नंबरवर फोन लावायचा आणि वनखात्याच्या माणसांना येऊ द्यायचं. अंधारात, ऊसात, घाबरलेल्या माणसाने चालवलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि पलीकडे कुणाची तरी वस्ती असतेच.

गोळी न बघता रायफल घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात.

जुन्या वाड्यांमधून, देशमुख-पाटलांच्या घरातून कधीकधी फार सुंदर रायफली बाहेर निघतात. इंग्लिश, जर्मन, अक्रोडाचा दस्ता, बोल्ट असा सरकतो की हातातून सोडवत नाही. आणि स्वस्त मिळतात! का स्वस्त मिळतात हे कुणी विचारत नाही. चांदवडकडचे आमचे एक पाहुणे, माणूस हुशार, द्राक्षाचा एकेक रुपयाचा हिशोब ठेवणारा, त्यांनी अशीच एक जुनी माउझर घेतली, ७ बाय ५७ या मापाच्या काडतुसाची, म्हणजे इंग्रज जिला .२७५ म्हणायचे ती. विकणारा म्हणाला गोळ्या मिळतात की, काय टेन्शन घेता. पाहुण्यांनी कागदपत्रं रीतसर केली, लायसनवर नोंद करून घेतली, आणि मग गोळ्या शोधायला निघाले. नाशिकला नाही, पुण्याला नाही, मुंबईला एका दुकानात म्हणाले आल्या तर कळवू. रायफलीसोबत जुन्या थोड्या गोळ्या आल्या होत्या, त्यांच्या पितळेवर हिरवट डाग आणि एकीच्या मानेला बारीक चीर. मी म्हटलं या चालवायच्या नाहीत, डीलरकडे जमा करा. आता ती रायफल कपाटात उभी आहे आणि विकायची म्हटली तर गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारतं, गोळ्या कुठे मिळतात.

याच्यात नुकसान नुसत्या पैशाचं नाहीये. आर्म्स ॲक्टच्या (शस्त्र कायद्याच्या) २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणजे दोनातली एक जागा तुम्ही अशा रायफलीला दिली जिला खायला काही नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की आधी दोन-तीन डीलरकडे स्वतः जायचं, फोनवर नाही, आणि विचारायचं की आत्ता या क्षणी कुठल्या बोअरची (नळीच्या मापाची) काडतुसं शेल्फवर आहेत. आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा .३१५ आणि .२२ असंच येतं, मागोमाग .३०-०६. याला इतिहास आहे. इंग्रजांना फौजेची .३०३ ची गोळी सामान्य माणसाच्या हातात नको होती, म्हणून हिंदुस्थानसाठी .३१५ हा वेगळा बोअर चालला आणि ईशापूरच्या कारखान्यात पुढे त्याच बोअरची स्पोर्टिंग रायफल बनत राहिली, ली-एनफिल्ड या इंग्रजी फौजेच्या जुन्या रायफलीच्या ठेवणीची, पाच गोळ्यांच्या मॅगझिनची. दिसायला साधी आहे, फिनिशिंगबद्दल लोक कुरकुर करतात, पण गोळी देशात बनते आणि मिळते, दुरुस्ती करणारा मिळतो. बजेट कमी असेल तर माझं मत सरळ .३१५ ला आहे.

यूट्यूबवर बघून रुगर अमेरिकन नाहीतर सॅवेज ॲक्सिस मागणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या अमेरिकेच्या बाजारातल्या स्वस्त रायफली आहेत. आपल्याकडे परदेशी रायफल आणायची सवलत नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्या लोकांना आहे, तुमच्या-माझ्यासाठी तो रस्ता नाही. ते व्हिडिओ बघा, शिका, पण त्यावरून खरेदी ठरवू नका.

दुकानात रायफल हातात घेऊन फक्त वजन बघणं

खांद्याला लावली, एक डोळा मिटला, मस्त आहे म्हणाले, पैसे दिले. असं नका करू. सेकंडहँड असेल तर तर अजिबात नाही.

पहिलं काम, बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे का ते स्वतः बघा, दुकानदाराने बघितलं असलं तरी. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. चेंबरच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरका धरा, उजेड त्यावर पडू द्या आणि तोंडाच्या बाजूने नळीतून बघा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार आणि चकचकीत दिसायला हवेत. काळे ठिपके दिसले, खड्डे दिसले, तर तो गंज आत खाऊन गेलेला असतो, तेल लावून जात नाही. दुकानदार म्हणेल साफ केली की निघेल, तर म्हणायचं मग साफ करा, मी चहा पिऊन येतो, आल्यावर परत बघतो. नळीच्या तोंडाची कड बोटाने आणि भिंगाने बघा, तिथे ठेच लागलेली असेल तर नेम जातो, कारण गोळी नळीला शेवटचा स्पर्श तिथे करते.

बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते बघा. ली-एनफिल्डच्या ठेवणीत हे फार महत्त्वाचं आहे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असला तर तो बसतो, सरकतो, सगळं ठीक वाटतं, पण हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर बिघडलेलं असू शकतं आणि त्याचा परिणाम चेहऱ्याजवळ होतो. नंबर वेगळे असतील तर चांगल्या गनस्मिथने गेजने मोजल्याशिवाय घ्यायची नाही, कितीही स्वस्त असली तरी.

सेफ्टी अशी तपासा. रायफल रिकामी, बोल्ट बंद, कॉक झालेली (आतला पिन स्प्रिंगवर ताणलेला), सेफ्टी लावा. ट्रिगर जोरात ओढा, सोडा. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. काढताना आतला पिन सुटल्याचं क्लिक झालं, तर रायफल परत ठेवा आणि घरी जा.

आणि एक, .३१५ चा बोल्ट बंद करताना शेवटी जोर लागतो म्हणून नवी मुलं म्हणतात अडकतोय. अडकत नाही. तो ढकलताना कॉक होतो, माउझर उघडताना होते. हातवळणी पडलं की जाणवत नाही.

दस्त्याची लांबी बघायला कोपर काटकोनात वाकवा, दस्ता कोपराच्या खळग्यात टेकवा, बोट ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग उघडा. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) समोर दिसली तर तुमच्या मापाची, मान हलवावी लागली तर नाही.

नळी कापून आखूड करून घेतो म्हणणाऱ्यांनो, आर्म्स ॲक्टचं कलम ६ वाचा, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

पहिलीच रायफल .३०-०६ घेऊ नका, जर आधी काहीच चालवलं नसेल तर. धक्का मोठा, आवाज मोठा, माणूस ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो आणि ती सवय वर्षानुवर्षं जात नाही. ज्याला शंका असेल त्याने रेंजवर मित्राला गोळ्यांमध्ये एखादा डमी राउंड (दारू नसलेलं खोटं काडतूस) मिसळायला सांगावा. डमीवर क्लिक होताना नळी खाली बुडाली की दोष कुणाचा ते सगळ्यांना दिसतं.

नेम बसत नाही म्हणून नळीला शिव्या देणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो कारण यात चांगल्या रायफली खराब होतात.

मित्राच्या भावाने सेकंडहँड ब्रनो घेतली होती, .२२, वर स्कोप. ५० मीटरवर गोळ्या ताटाएवढ्या जागेत पसरायच्या. त्याने आधी गोळ्या बदलल्या, तीन प्रकारच्या. मग स्कोप बदलला, आणखी महागाचा. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की नळी गेलीये, तोंड कापून परत क्राउन करून घे, म्हणजे तोंडाची कड नव्याने घडवून घे, आणि एका कारागिराकडे द्यायची तयारी झाली. मी म्हटलं थांब, रायफल घेऊन ये. टेबलवर ठेवली, बोल्ट काढला, आणि खालचा दस्त्याचा मागचा स्क्रू फिरवला तर तो जवळजवळ पूर्ण एक फेरा फिरला. स्कोपच्या पुढच्या बेसचा (स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीचा) स्क्रू तर बोटाने हलत होता. दोन्ही नीट कसले, स्कोप परत शून्यावर आणला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवली, आणि त्याच रायफलीने, त्याच जुन्या गोळ्यांनी, पाच राउंड एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे लागले. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गोळ्या आणि स्कोपवर गेलेले पैसे मात्र गेलेच.

तेव्हा नेम बिघडला की माझा क्रम ठरलेला आहे. आधी दस्त्याचे स्क्रू, मग बेस, मग रिंग (स्कोप धरणाऱ्या कड्या). स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच पेचकस, घरातला कुठलाही नाही, खाच फाटली की काम वाढतं. कसून झालं की स्क्रू आणि बेस दोन्हींवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हललाय हे लगेच कळतं. हे सगळं नीट असेल तर दुसऱ्याचा खात्रीचा स्कोप लावून बघायचा. मग गोळ्या. नळी सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडच्या लोकांनी अजून एक बघा. लाकूड पाणी धरतं, फुगतं आणि नळीवर दाब येतो. मे महिन्यात बरोबर लागणारी रायफल ऑगस्टमध्ये बाजूला लागायला लागली तर कारण बहुतेक हेच असतं. दस्त्याला आतून-बाहेरून जवसाचं तेल देऊन वाळवत राहा, आणि दस्ता पूर्ण सुकेपर्यंत स्क्रूंशी आणि साइटशी खेळू नका.

गोळी अडकणं आणि गोळी न उडणं

.३१५ ची गोळी रिमवाली आहे, तिच्या बुडाला कड असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे यायला हवी. उलटं झालं की वरची गोळी खालचीला धरून बसते, बोल्ट पुढे जात नाही, आणि अधीर माणूस हाताने ठोकायला लागतो. ठोकू नका. काढा, परत भरा.

ट्रिगर ओढला, क्लिक झालं, गोळी उडाली नाही. तरी नळी टार्गेटकडेच ठेवा आणि निदान अर्धा मिनिट तसंच थांबा, मग बोल्ट उघडा. कधीकधी दारू उशिरा पेटते. लगेच बोल्ट उघडणारे लोक मी बघितलेत आणि दर वेळी त्यांना तिथेच बोललोय.

घाईतली कागदपत्रं आणि ठेवणं

शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला जिल्हाधिकारी, लायसन तिकडून. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याने आधी लेखी कळवलंय का, त्याची प्रत बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. रायफलीवरचा नंबर लायसनवरच्या नोंदीशी एकेक आकडा वाचून जुळवा.

चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये रायफल ठेवू नका, ओल धरून ठेवतात. कव्हर फक्त प्रवासाला. घरी कपाटात उभी, बोल्ट वेगळ्या कुलुपात, गोळ्या तिसऱ्या.

मुलासाठी .२२ घ्यायला निघालेल्या पालकांनी थोडं थांबावं. २०२४ ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तो पोरगा नाशिकमध्येच शिकला, त्यामुळे इकडे उत्साह फार आहे आणि तो असायलाच पाहिजे. पण सुरुवात एअर रायफलीने करा. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला लायसन लागत नाही, रेंजवर शिकवणारे असतात, एखादं वर्ष त्याने उभं राहून नेम धरला की मग .२२ चं बोलू. .२२ ला खेळणं समजू नका, तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाते. आणि स्प्रिंगवाल्या एअर रायफलीवर साधा स्वस्त स्कोप लावू नका, तिचा धक्का मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, आतली काच सुटते.

आणि निवडणूक लागली की बऱ्याच जणांना रायफल जमा करावी लागते. लोक आहे तशी नेऊन देतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत आली की नळीत तांबूस पावडर. द्यायच्या आदल्या दिवशी नळीत चेंबरच्या बाजूने ग्रीसचा पातळ थर फिरवा, बोल्टच्या तोंडालाही लावा, बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, आणि पावतीवर बोल्टचाही नंबर लिहून घ्या. परत आली की पहिली गोळी चालवायच्या आधी ते ग्रीस पूर्ण काढायचं, कोरडं फडकं पांढरं निघेपर्यंत.