एचएसजी करून घेताना जंतुसंसर्ग कसा टाळावा

गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गर्भाशयमुखातून बारीक नळी घालून, आत एक्स-रेवर दिसणारे औषध सोडून एचएसजी (हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी) ही तपासणी केली जाते. गर्भाशयमुखातील चिकट स्राव एरवी योनीतील जंतूंना वर जाऊ देत नाही, पण नळी तो अडसर ओलांडते आणि तिथे मुक्काम केलेले जंतू औषधाच्या दाबाबरोबर थेट नलिकांपर्यंत पोहोचू शकतात. सर्वसाधारणपणे हा धोका कमी असतो. मात्र नलिका आधीच फुगलेल्या असतील तर तो सुमारे 11 टक्क्यांपर्यंत जातो.

म्हणून खरी तयारी तपासणीच्या टेबलावर जाण्याआधीच करावी लागते. पूर्वी कधी ओटीपोटात संसर्ग झाला असेल, तर तो कितीही जुना असला तरी आणि विचारले गेले नाही तरी, डॉक्टरांना आपणहून सांगावा. संकोचापोटी नेमकी हीच गोष्ट राहून जाते. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूचा संसर्ग बहुतेकदा काहीच लक्षणे दाखवत नाही, तेव्हा त्याची स्वॅब किंवा लघवीची तपासणी आधी करून घेणे शहाणपणाचे, आणि ती पॉझिटिव्ह आल्यास जोडीदारानेही उपचार घ्यायला हवेत. अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोट दुखत असेल, तर एचएसजी पुढे ढकलावी. पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतर आणि बीज फुटण्यापूर्वीचे दिवस तपासणीसाठी निवडतात. त्यामुळे नकळत राहिलेल्या गर्भाला धोका होण्याची शक्यताही फार कमी होते.

प्रतिजैविके सरसकट सर्वांना लागत नाहीत. पूर्वी संसर्ग झालेला नसेल आणि नलिका फुगलेल्या नसतील, तर ती सहसा देत नाहीत. एक्स-रेमध्ये नलिका फुगलेल्या दिसल्या, तर डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून 2 वेळा, 5 दिवस दिली जाते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडू नये. निदानापुरत्या हिस्टेरोस्कोपीत (दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहणे) वा लॅप्रोस्कोपीत (पोटात दुर्बीण घालून पाहणे) प्रतिजैविकांची गरज सहसा पडत नाही.

तपासणीनंतर दिवसभर पाळीसारखी कळ येणे, किंचित डाग लागणे किंवा चिकट औषध बाहेर येणे स्वाभाविक आहे, त्यासाठी पॅड वापरावे, टॅम्पॉन नको. परंतु दुखणे उतरण्याऐवजी वाढत गेले, ताप 38 अंश सेल्सियसच्या वर गेला किंवा स्रावाला घाण वास येऊ लागला, तर पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये आणि नुसत्या वेदनाशामक गोळीवर निभावून नेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण उपचाराला उशीर झाला तर मोकळ्या नलिकाही चिकटू शकतात.