घाटावरच्या गर्दीने साथ पसरली का? कारणाचा रकाना भरण्याआधी एवढं तपासा

मार्च २०२१ मध्ये माझ्या हातून एक नोंद चुकीची झाली. मी तेव्हा नाशिकच्या पंचवटीत आरोग्य सेविका होते, कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचं काम आमच्याकडेच होतं. एका घरातले लोक एकामागून एक कोरोना पॉझिटिव्ह येत होते. विचारलं तर कळलं, आठवड्यापूर्वी वडिलांची दशक्रिया गंगेवर, म्हणजे इथल्या गोदावरीवर, रामकुंडाच्या घाटावर झाली, गावाकडची मंडळीही आली होती. त्या दिवसांत रामकुंडावर किती गर्दी असायची ते मी रोज बघत होते. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या यादीत, 'संसर्गाचं संभाव्य ठिकाण' या रकान्यात 'रामकुंडावरील गर्दी' लिहून मी मोकळी झाले. नंतर घाटावर फुलं आणि पत्रावळी विकणाऱ्या बायकांना काही दिवस बसू दिलं नाही. माझ्या एका ओळीमुळेच ते झालं असं मी म्हणत नाही, पण ती ओळ त्या कागदांत होती, आणि ती चूक होती.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा आहे. तेव्हा एखादी साथ असली तर हाच रकाना आशाताई भरतील, मंडळाचे कार्यकर्ते भरतील, पत्रकार बातमीत भरतील. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात तारखांपासून करा. रिपोर्ट कधी आला ती तारीख बाजूला ठेवा, कणकण किंवा घसा पहिल्यांदा कधी जाणवला ती विचारा. लोक पटकन सांगत नाहीत. 'त्या दिवशी कामावर गेला होतात का? रात्री गोळी घेतली होती का?' असं विचारलं की आठवतं. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मूळच्या कोरोनाला सरासरी ५ ते ६ दिवस लागत, डेल्टाला ४ च्या आसपास, ओमायक्रॉनला ३. उशिरात उशिरा १४ दिवस धरायचे. म्हणजे सोमवारी मेळावा झाला आणि मंगळवारी ताप आला, तर तो ताप मेळाव्याचा नाही. माणूस तो घेऊनच मेळाव्याला आला होता. माझ्या त्या घरात हेच निघालं. गावाहून आलेल्या एका काकांना दशक्रियेच्या दोन दिवस आधीपासून खोकला होता. 'धुळीचा असेल' म्हणून ते आले, आणि सख्ख्या भावाच्या दहाव्याला माणूस येणारच.

तारखा लागल्या की पुढचा प्रश्न असा: तो माणूस त्या दिवशी घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत कुठे कुठे होता? इथे घाई करू नका, खरी मेहनत इथेच आहे. मी वहीचं एक पान आडवं धरलं आणि गावाकडची मंडळी ज्या क्रूझर गाडीतून आली होती तिचं चित्र काढलं. पुढे ड्रायव्हर, मधली सीट, मागे समोरासमोर दोन बाकं. मग एकेकाला फोन करून विचारलं, 'तुम्ही कुठे बसला होतात? काच उघडी होती का?' पहाटे गार वारं होतं, म्हणून काचा बंद होत्या. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. काका मागच्या बाकावर होते. मग जेवण. ते एका तळघरातल्या हॉलमध्ये होतं, वरती दोन पंखे, खिडकी एकही नाही, पंगतीला माणसं खेटून.

घाटावर ३७ जण होते. क्रूझरमधून १२ आले, ते सगळे हॉलमध्ये जेवले. आणखी ९ जण मोटारसायकलने किंवा एसटीने आले आणि जेवायला थांबले. उरलेले १६ पिंडाला कावळा शिवला तसे घाटावरूनच परतले. क्रूझरच्या १२ पैकी ८ आजारी पडले, नुसतं जेवायला थांबलेल्या ९ पैकी ३. घाटावरूनच परतलेल्या १६ पैकी एकही नाही, आणि त्या १६ जणांना मी चौदाव्या दिवशी पुन्हा फोन करून खात्री केली. आजारी नसलेल्यांना विचारणं कोणालाच सुचत नाही. सगळे आजारी लोकांचीच यादी करतात, आणि मग त्या यादीतला प्रत्येक जण 'घाटावर होतो' असंच सांगतो. घाटावर तर सगळेच होते. फरक कुठे पडला ते आजारी न पडलेल्यांकडूनच कळतं.

आकडे लहान आहेत, हे मला माहीत आहे. पण मोठ्या अभ्यासांतही चित्र याच बाजूला झुकलेलं आहे. चीनमध्ये २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत हुबेईबाहेरच्या शहरांत तीन किंवा अधिक रुग्णांचे ३१८ उद्रेक तपासले, ते सगळे बंद जागेतले निघाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार बंद जागेत संसर्गाची शक्यता उघड्यापेक्षा जवळपास १८.७ पट होती आणि नोंदलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी उघड्यावरचे होते. कारण सोपं आहे. देवघरात उदबत्ती लावली की वास तासभर राहतो, गंगेवर लावली तर दोन पावलांवर येत नाही. श्वासातले बारीक कणही तसेच.

तरी उघडं म्हणजे निर्धोक असं लिहू नका. मैदानात शेजारी कोण उभं होतं त्याचं नाव कोणाला माहीत नसतं, त्यामुळे उघड्यावरचा संसर्ग यादीत यायचाच राहून जातो. शिवाय दाटी किती यावर बरंच आहे. शेजाऱ्याच्या बिडीचा वास तुम्हाला येत असेल तर त्याचा श्वासही तुमच्यापर्यंत पोचतो आहे, वर आभाळ असलं तरी. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला जुलै २०२१ मध्ये उघड्यावरच्या संगीत महोत्सवाला २०,००० लोक होते, त्यांतले हजाराच्या आसपास पॉझिटिव्ह आले. तासन्‌तास खेटून उभं राहणं, ओरडून गाणं, वर डेल्टा. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडीभोवती, म्हणजे रंगाच्या हौदाभोवती, जशी माणसं उभी असतात तशी दाटी असेल तर 'मोकळी हवा होती' हे उत्तर पुरत नाही. म्हणून चौकशीत 'किती लोक होते' यापेक्षा 'एका जागी किती वेळ, किती जवळ, ओरडत होते का' हे आधी विचारा.

शहराचे आकडे बघायचे असतील तर आणखी दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं म्हणजे, त्याच दिवसांत आणखी काय चालू होतं ते तारखेसकट लिहून ठेवा. मार्च २०२१ च्या अखेरीस आपल्याकडे नाशिकमध्ये बाजारात शिरायला तासाभराची ५ रुपयांची पावती लागायची, आठवत असेल. एकीकडे मेळावा आणि दुसरीकडे बाजार आवळलेला, अशा वेळी आकडा वाढला नाही तर मेळावा निर्दोष ठरत नाही आणि वाढला तर दोषीही ठरत नाही. अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात मोठे मोर्चे निघाले, ३०० हून अधिक शहरांचा हिशेब मांडला तेव्हा मोर्च्यांमुळे रुग्णवाढ झाल्याचं दिसलं नाही. पण त्याच दिवसांत बाकीचे लोक जास्त घरी बसले होते, हेही त्याच हिशेबात निघालं. म्हणून शेजारचा, मेळावा न झालेला वॉर्ड घ्या आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

दुसरं, चाचण्या. जिथे तपासणीची टेबलं लावाल तिथे रुग्ण सापडणारच. एकूण पॉझिटिव्ह न मोजता शंभर चाचण्यांमागे किती, ते काढा, आणि दोन आठवड्यांनी दवाखान्यात भरती किती झाली ते बघा. एप्रिल २०२१ च्या हरिद्वार कुंभात झालेल्या चाचण्यांपैकी लाखाच्या आसपास अहवाल बनावट असल्याचं नंतर चौकशीत पुढे आलं. ज्या आकड्यांवर आपण भांडत होतो त्यांतले कित्येक नुसते कागदावरचे होते.

आणि जत्रेचा हिशेब जत्रेच्या गावात लागत नाही. लोक स्नान करून आपापल्या गावी जातात आणि तिथे आजारी पडतात. हरिद्वारहून परतणाऱ्यांना दिल्लीने १४ दिवस घरी विलगीकरणात राहायला सांगितलं होतं, ते याचसाठी. सिंहस्थात नाशिकचा आकडा शांत दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पेठ, सुरगाणा, चांदवड, येवला इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ताप-खोकल्याचे रुग्ण आठ-दहा दिवसांनी वाढतात का ते विचारा. येताना ज्या जीपमध्ये ते कोंबून बसले आणि ज्या धर्मशाळेत एका खोलीत पंधरा जण झोपले, त्याचीही चौकशी करा.

हे सगळं झालं की मगच रकाना भरा. मी नंतर माझी नोंद दुरुस्त केली: 'बंद वाहन व जेवणाचा हॉल. घाटावर संसर्ग झाल्याचं आढळलं नाही.' जुनी ओळ पूर्ण खोडू नका, व्हाइटनर तर मुळीच लावू नका. तिच्यावर एकच रेघ मारा, वाचता आली पाहिजे. शेजारी तारीख आणि सही करा, आणि कागदाची एक प्रत ज्याच्याकडे पहिली गेली होती त्याच्याकडे पुन्हा पोचवा.